रोमच्या राजाची सावद्यात चौकशी

महावीर बेदमुथा सावद्यात जन्मला, सावद्यात वाढला आणि तरी त्याला केळी आवडत नसत. घरच्यांनी तेव्हाच ओळखायला हवं होतं की हा पोरगा पुढे काहीतरी विपरीत करणार. पण घरच्यांचं लक्ष दुकानाकडे होतं. घेवरचंद फुलचंद बेदमुथा यांचं धान्याचं दुकान म्हणजे सावद्यातलं जुनं आणि दणकट नाव. त्या दुकानाला एक गादी, गादीला एक मालक आणि मालकाला एकच मुलगा, असा हिशेब सरळ होता. तो पोरानं बिघडवला. तो पुण्याला गेला आणि मानसशास्त्र शिकून आला.

"म्हणजे काय शिकलास?" घेवरचंदांनी विचारलं.

"माणसाच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं शास्त्र आहे, बापूजी."

"ते मला गिऱ्हाईक ओट्यावर चढता चढता कळतं. त्याच्यासाठी पुण्याला कशाला जायला हवं?"

खरं सांगायचं तर बापूजींच्या कुठल्याच प्रश्नावर त्याच्याकडे कधी उत्तर नसायचं. समोर उभं राहिलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची. त्यानं जळगावच्या एका कॉलेजात तात्पुरती नोकरी धरली आणि आईला, म्हणजे सज्जनबाईंना, मध्ये घालून वडिलांशी एक करार केला. दिवाळीपर्यंत नोकरी कायम झाली तर तो मास्तर. नाही झाली तर पाडव्याच्या मुहूर्तावर मुकाट गादीवर येऊन बसायचं, आणि मन वगैरे जे काय असेल ते तिथून ओळखायचं.

हे अडुसष्ट साल. दिवाळीच्या तोंडावर धुळ्याला मानसशास्त्राच्या प्राध्यापकांची परिषद भरायची होती. "तिथं चांगला निबंध वाचा, तुमच्या नोकरीचं मी बघतो," असं विभागप्रमुख टेंभेकर सरांनी सांगून टाकलं. महावीरनं विषय निवडला, रोमचा राजा कॅलिग्युला.

आता मनुष्यप्राण्यात इतकी मनं उपलब्ध असताना दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कुप्रसिद्ध राजाचंच मन का, असं कुणीही विचारील. महावीरलाही सांगता येत नव्हतं. पुण्याच्या ग्रंथालयात त्या राजाची हकीकत त्यानं सहज उघडली आणि पहिल्या पानापासून त्याला घरी आल्यासारखं वाटलं. त्या राजाचा एक लाडका घोडा होता. घोड्याला संगमरवरी तबेला, हस्तिदंती गव्हाण, अंगावर जांभळी झूल. शर्यतीच्या आदल्या दिवशी घोड्याची झोप मोडू नये म्हणून शिपाई फिरून आळीतल्या लोकांना गप्प करत. त्या घोड्याला तो राज्याचा मोठा अधिकारी नेमणार होता म्हणतात. राजाला टक्कल होतं, म्हणून तो खालून जात असताना कुणी वरून डोकावलं तर जिवाशी गाठ. एकदा तो फौज घेऊन समुद्रापर्यंत गेला, लढाई काही झाली नाही, तेव्हा शिपायांना म्हणाला, शिंपले वेचा, आणि ते शिंपले लुटीचा माल म्हणून घेऊन आला. देवाच्या मूर्तीशी तो कुजबुजायचा, मग मूर्तीच्या तोंडाला कान लावून उत्तर ऐकायचा, कधी तिच्याशी कडाकडा भांडायचा.

महावीर हे वाचून भारावला. आपल्याला हे सगळं इतकं ओळखीचं का वाटतं, याचं त्याला नवल वाटलं. सावद्यातल्या शेंबड्या पोरालाही ते कळलं असतं.

कारण घेवरचंदांकडे चंपा होती. चंपा म्हणजे त्यांच्या टांग्याची पांढरी घोडी. दुपारी चंपाचा डोळा लागला की दुकानातले हमाल पोत्यांची मोजणी खुणांनी करत. गल्लीत फेरीवाला ओरडला तर घेवरचंद स्वतः जाऊन त्याच्या तोंडासमोर बोट धरत. लक्ष्मीपूजनाला पहिला टिळा चंपाला, दुसरा मुनीमजींना. घेवरचंदांना टक्कल होतं. उकाड्यात ते पगडी काढून बसत, आणि ते बसलेले असताना माळ्यावर चढायला कुणाला परवानगी नव्हती. माळ्यावरची तूर हवी असेल तर गिऱ्हाईकानं शेठजींचं जेवण होईपर्यंत थांबावं. गादीच्या वर त्यांच्या वडिलांचा, फुलचंदजींचा, मोठा फोटो होता. घेवरचंद दिवसातून कितीदा तरी उठून त्या फोटोशी हळू बोलत, मग फोटोच्या काचेला कान लावत, आणि कधीकधी "नाही पटत मला!" असं म्हणून तणतणत गादीवर येऊन बसत.

आणि टरबुजांची स्वारी तर सगळ्या तालुक्याला ठाऊक. रावेरच्या एका व्यापाऱ्यानं भर बाजारात घेवरचंदांना बोचकं म्हटलं. घेवरचंदांनी गाड्या जुंपल्या, सगळे हमाल चढवले आणि जाब विचारायला रावेरवर चालून गेले. तो व्यापारी नेमका बऱ्हाणपूरला लग्नाला गेलेला. आता एवढी माणसं घेऊन तसंच परत यायचं कसं? घेवरचंदांनी वाट वाकडी केली, तापीच्या पात्रात गाड्या घातल्या, हमालांकडून टरबुजं भरून घेतली आणि वाजंत्री लावून सावद्यात प्रवेश केला.

हे सगळं महावीरनं लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेलं. पण माणूस ज्या घरात वाढतो त्या घराचा वास त्याला येत नाही, हे त्याच्या शास्त्रात शिकवतात की नाही कोण जाणे.

निबंधाचा खर्डा टेंभेकर सरांनी वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला. "बेदमुथा, हा राजा वेडा होता असं तुम्ही म्हणता. मीही म्हणतो. पण आपण पडलो मास्तर. साधा माणूस काय म्हणतो? बाजारात जा. लोकांना विचारा. आणि हो, रोम, राजा, कॅलिग्युला यातलं काही सांगायचं नाही. परदेशी राजा म्हटलं की लोक आधीच मत बनवतात. नुसतं म्हणायचं, एक मोठा माणूस होता. खूनखराबाही वगळा, त्याला तर सगळेच वाईट म्हणतील. बाकीचं सांगा आणि विचारा, हा माणूस वेडा की शहाणा?"

शास्त्राच्या दृष्टीनं सल्ला बिनचूक होता. घात त्यानंच केला.

कारण आमच्याकडे घरच्या मोठ्या माणसाची तक्रार कुणी त्याचं नाव घेऊन करत नाही. सून सासऱ्याबद्दल बोलायला लागली की सुरुवात करते, "एका घरी एक म्हातारा होता." मुलगा बापाबद्दल म्हणतो, "आता एखादा माणूस असतो बघा." ऐकणारा समजतो आणि तोही त्याच पद्धतीनं उत्तर देतो. महावीर रविवारी सावद्याच्या बाजारात उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "एक मोठा माणूस होता. त्याचा एका घोड्यावर फार जीव होता." झालं, सगळा बाजार समजला.

पहिला गाठला जीवराम. त्याचं चहाचं हॉटेल दुकानाच्या समोरच. घोड्याची गोष्ट ऐकून जीवरामनं आधी रस्त्यापलीकडे पाहिलं, मग फळकुट ओढून महावीरला बसवलं.

"घरी बरं हाये ना सगळं, भाऊ?"

"घरचं राहू द्या. तो माणूस वेडा की शहाणा, तेवढं सांगा."

"येडा कायले? मुकं जनावर हाये. तेच्यावर जीव लागला त काय झालं? अन् मोठा मानूस म्हटल्यावर थोडं असं राह्यतंच. तुम्ही मनाले लावून घेऊ नका." असं म्हणून जीवरामनं त्याला स्पेशल चहा पाजला. महावीरनं नोंद केली की पहिला साक्षीदार अत्यंत सहृदय आहे.

भाजीवाल्या भिकुबाईला त्यानं टकलाचं विचारलं. ती म्हणाली, "वरून पाहू नका म्हने त आपून नही पाहाचं. आपल्या डोयाले काय खालची वाट नही?" आणि त्याच्या पिशवीत मूठभर कोथिंबीर जास्त टाकली, बिचारा पोरगा म्हणून.

हमाल कौतिक तर घरचाच माणूस. त्याला फौजेची आणि शिंपल्यांची गोष्ट सांगितली तेव्हा त्याचा चेहरा खुलला. "मंग एवढ्या लोकाइले काय रिकाम्या हातानं वापस आनाचं? घरी पोरं वाट पाह्यतात ना! अन् गोड किती व्हते!"

"काय गोड होते?"

कौतिकनं जीभ चावली. "नही, मले वाटलं गोड असतीन."

शिंपले गोड कसे असतील, हे महावीरला कळेना. त्यानं कौतिकचं उत्तर विषयांतर म्हणून बाजूला ठेवलं.

एकानंही त्या माणसाला वेडा म्हटलं नाही. महावीर हबकला. एवढ्या मोठ्या विकृत मनाला सावदा गाव एकमुखानं शहाणं ठरवत होतं. टेंभेकर सर म्हणाले, "एकाच गावाचं धरून चालणार नाही. लांब कुठेतरी जा." लांब म्हणजे साक्री, कारण तिथे महावीरची मोठी बहीण हीराबाई दिलेली होती आणि तिच्याकडे जेवणाची सोय होती. संशोधनाची दिशा बऱ्याचदा अशीच ठरते.

साक्रीच्या आठवडे बाजारात डोंगराकडून आलेला आमश्या नावाचा म्हातारा चारोळी घेऊन बसला होता. शेजारी हीराबाई डाळ निवडून घेत होती. महावीरनं आमश्यासमोर उकिडवं बसून सगळी गोष्ट सांगितली. घोडा, टक्कल, शिंपले, मूर्ती, काही ठेवलं नाही. सांगता सांगता त्याचा आवाज चढला, कानशिलं तापली. "आणि त्याच्यासमोर कुणाची तोंड उघडायची हिंमत नव्हती!" असं म्हणून तो थांबला तेव्हा त्याला धाप लागली होती.

आमश्यानं शांतपणे विचारलं, "तुना काय लागस तो?"

"माझा? कुणी नाही. मरून दोन हजार वर्षं झाली त्याला."

"मरी ग्या ना? मंग तुले इतला राग कसाना येस?"

महावीर तोंड उघडतो तोच शेजारून विचित्र आवाज आला. हीराबाई डाळीच्या पोत्यावर बसली होती आणि पदर तोंडात कोंबून हसत होती. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "अरे म्हावीर! अरे, हे आपले बापूजी!"

"काहीतरीच काय, जीजी! हा रोमचा..."

"घोडी आपली, टक्कल आपलं, टरबुजं आपली, फोटो आपला! राहिलं काय रोमचं?" ती एकदम हसायची थांबली. "हे तू सावद्यात कुणाला विचारलं तर नाहीस?"

महावीर खालीच बसला. जीवरामचा चहा, भिकुबाईची कोथिंबीर, कौतिकचे गोड शिंपले, सगळं एकेक करून त्याच्या डोक्यात शिरलं. आपण भर बाजारात, रविवारी, गावातल्या निम्म्या लोकांना विचारून आलो की माझा बाप वेडा आहे का. आणि लोकांनी आपल्या तोंडावर आपल्या बापाची अब्रू राखली. त्याला इतकी लाज वाटली की आमश्यानं पुढे केलेली चारोळी त्यानं सालासकट खाल्ली.

सावद्याला पोचला तोवर बाजारातली बातमी बापूजींच्या कानावर गेलेली होती. सज्जनबाई दारातच उभ्या होत्या.

"काय करून ठेवलंस तू?" त्या कुजबुजल्या. "तीन-चार दिवस झाले, घरात शब्द बोलत नाहीत."

दुकानात पाऊल टाकलं आणि महावीर उंबऱ्यातच थबकला. भर दुपार, आणि हमाल मोठ्यानं पोती मोजत होते. माळ्यावर दोन माणसं बिनदिक्कत फिरत होती. खाली घेवरचंद पगडी घट्ट घालून घामानं निथळत गादीवर बसले होते, फोटोकडे पाठ करून. मागच्या तबेल्यात चंपा तोंड फिरवून उभी होती, तिनं चंदीला तोंड लावलं नव्हतं. सगळं दुकान चारचौघांच्या दुकानासारखं दिसत होतं आणि कुणालाच ते बघवत नव्हतं. हमालसुद्धा मोजणी रडवेल्या आवाजात करत होते.

"बापूजी," महावीर म्हणाला, "तो माणूस तुम्ही नव्हे. रोमचा राजा आहे. खरंच होऊन गेला."

"हो का." घेवरचंद वर न बघता म्हणाले. "टकला होता?"

"हो."

"जनावरावर जीव होता?"

"हो. पण घोडा होता, घोडी नव्हे."

"शाब्बास. तेवढा बदल केलास म्हणजे." ते थोडा वेळ तराजूची साखळी सारखी करत राहिले. "धुळ्याला वाचणार ना? वाच. मी येतो ऐकायला. बापाबद्दल पोरगं काय म्हणतंय ते मी लोकांच्या तोंडून का ऐकू?"

आता महावीरची दोन्हीकडून कोंडी झाली. निबंध वाचावा तर धुळ्याच्या विद्वानांसमोर वडिलांची धिंड. न वाचावा तर नोकरी गेली, आणि पाडव्याला त्याच गादीवर, त्याच पगडीशेजारी, मुकाट. तो जळगावला परत गेला आणि टेंभेकर सरांना म्हणाला, विषय बदलतो. सर म्हणाले, नावं छापून झाली.

परिषदेच्या दिवशी घेवरचंद आले. कोरं धोतर, लग्नातली केशरी पगडी, आणि मागे जीवराम आणि कौतिक. साक्षीला असावेत म्हणून दोघांना नवी टोपी घेऊन आणलं होतं. तिघं सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसले, जिथे नागपूर-पुण्याचे पाहुणे बसायचे होते. त्या पगडीकडे बघून त्यांना उठवायची कुणाची छाती झाली नाही.

महावीरनं वाचायला सुरुवात केली. घोड्यापाशी त्याचा आवाज चिरकला. टकलापाशी त्यानं पान उलटायच्या निमित्तानं एक अख्खा परिच्छेद गिळला. शिंपल्यांपाशी कौतिकनं मान डोलावली. "एकाही साक्षीदाराने सदर व्यक्तीस वेडे म्हटले नाही," हा निष्कर्ष वाचून महावीर घाईघाईनं खाली बसायला निघाला, तेवढ्यात अमळनेरचे एक प्राध्यापक उठले. प्रत्येक परिषदेत असा एक असतो.

"लोक काय म्हणाले ते ठीक आहे. पण माणसांना सोडून घोड्याला मान द्यायचा, दगडाशी बोलायचं, याचं तुम्ही काय स्पष्टीकरण देता? तुमचं मत काय?"

महावीरची जीभ टाळूला चिकटली. पहिल्या रांगेतली खुर्ची करकरली आणि घेवरचंद उठले.

"त्याला नका विचारू. मला विचारा."

अध्यक्ष नागपूरचे, वयस्कर, जरा बहिरट. "आपण कोण?"

"ज्याच्याबद्दल हे सगळं चाललंय ना, तो मी."

सभागृहातल्या माना वळल्या. मग अध्यक्षांचा चेहरा उजळला. परदेशात अशी एक पद्धत निघाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. रोग्याच्या जागी दुसरा माणूस उभा करतात, तो रोग्याच्या तोंडून बोलतो, आणि मनाचा तळ हाती लागतो. ती पद्धत थेट धुळ्याला पोचली असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांनी हात जोडले. "बोला, सम्राट."

घेवरचंदांना सम्राट खटकलं नाही. लग्नपत्रिकेत त्यांना याहून मोठं म्हटलं जायचं.

"टकलाचं सांगतो," ते म्हणाले. "उकडतं म्हणून मी पगडी काढतो. लोक वरून बघून हसतात. तुम्हाला कुणी हसलेलं चालेल का?" अध्यक्षांनाही टक्कल होतं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

"आणि ते शिंपले?" अध्यक्षांनी विचारलं.

"शिंपले नव्हते. टरबुजं होती."

"पण इतिहासात तर," अमळनेरकर म्हणाले.

"मध्ये बोलू नका!" अध्यक्ष कडाडले. "ते भूमिकेत आहेत."

"एवढी माणसं माझ्या शब्दावर आली होती. त्यांना हरल्यासारखं घरी कसं न्यायचं? म्हणून वाजंत्री लावली," घेवरचंद म्हणाले. शेजारून कौतिक ओरडला, "लई गोड व्हते!" जीवरामनं त्याला खाली ओढलं.

"मूर्तीशी काय बोलता आपण?" अध्यक्षांनी पुढे विचारलं.

घेवरचंदांनी पगडी सारखी केली. "मूर्ती नाही. वडील आहेत. ते होते तोवर मी त्यांच्यासमोर बसलोसुद्धा नाही, बोलणं दूर. 'हां जी' एवढंच. गेले, आणि दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या गादीवर बसवलं. मला जमेल का, मला आवडेल का, कुणी विचारलं नाही. मग मी आता त्यांना विचारतो. भाव विचारतो, माणसं विचारतो. नाही पटलं तर भांडतो. जिवंतपणी भांडलो असतो तर मला शहाणा म्हटलं असतं का तुम्ही?"

अमळनेरकर हळूच बसले.

"राहिली घोडी," घेवरचंद म्हणाले, आणि आता ते अध्यक्षांकडे बघत नव्हते. "आमच्यात वडीलधारं माणूस समोर असताना आपल्या पोराला उचलून घ्यायची रीत नाही. लाड करायचे नाहीत, नावानं हाक मारायची नाही. बेअदबी होते. माझे वडील सकाळपासून रात्रीपर्यंत समोर बसलेले. हा माझा पोरगा ओट्यावर रांगायचा, पडायचा, रडायचा, माझ्याकडे हात करायचा. मी तराजूकडे बघायचो. त्याच महिन्यात घोडीला शिंगरू झालं होतं. शिंगराला उचलायची मनाई नव्हती. मी मागे जायचो आणि त्याला पोटाशी धरायचो. वडील गेले तेव्हा हा एवढा मोठा झालेला. त्याला काय उचलायचं? तो माझ्यासमोर 'हां जी' म्हणून उभा राहायला शिकलेला. ते शिंगरू म्हणजे चंपा. तिला मी झूल घातली, टिळा लावला, तिची झोप राखली. हे वेड असेल तर लिहा वेड."

ते बसले. कौतिक नव्या टोपीनं नाक पुसत होता. महावीर कागद हातात धरून तसाच उभा होता आणि त्याला समोरचं काही दिसत नव्हतं. इतकी वर्षं मनाचं शास्त्र शिकून त्याला एवढं एक मन कळलं नव्हतं, आणि आता कळलं ते दोनशे परक्या माणसांसमोर. त्याला धावत जाऊन बापूजींना मिठी मारावीशी वाटली, पण ती रीत त्यांच्यात नव्हती. त्यानं नुसतं वाकून पायांना हात लावला. सभागृहाला वाटलं, हाही प्रयोगाचाच भाग. टाळ्यांचा कडकडाट झाला.

अध्यक्षांनी येऊन घेवरचंदांचा हात हातात घेतला. "आपण कुठल्या नाटक मंडळीतले?"

"सावद्याचे," घेवरचंद म्हणाले.

टेंभेकर सरांनी महावीरला बाजूला घेतलं. नोकरी कायम झाली समजा, म्हणाले, अध्यक्षांनी स्वतः शब्द टाकलाय. "फक्त पुढच्या वेळी सम्राटाला टरबुजं वगैरे घालू देऊ नका. पात्र छान आहे, पण पाठांतर कच्चं."

परतीच्या एस.टी.त जीवराम आणि कौतिक मागच्या बाकावर घोरत होते. घेवरचंद खिडकीशी, महावीर शेजारी. धुळ्याबाहेर गाडी लागल्यावर महावीर म्हणाला, "बापूजी, नोकरी कायम झाली."

"ऐकलं."

"पाडव्याला गादीवर मग..."

"चंपा आहे," घेवरचंद म्हणाले. महावीरनं घाबरून पाहिलं, तर ते मिशीतल्या मिशीत हसत होते. बापूजींना हसताना इतक्या जवळून त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

काही वेळानं घेवरचंदांनी विचारलं, "म्हावीर, खरं सांग. होता का रे असा कुणी राजा?"

"होता, बापूजी. खरंच होता."

उगाच आपण एवढं बोलून बसलो, हे घेवरचंदांच्या ध्यानात येत असावं. त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली आणि टक्कल चोळलं. मग म्हणाले, "शेवटी काय झालं त्याचं?"

काय झालं ते महावीरला पाठ होतं. त्याच्या पहाऱ्यावरच्या माणसांनीच त्याला एका बोळात गाठून भोसकलं. म्हातारा होणं त्याच्या वाट्याला आलं नाही. बायको आणि तान्ही पोर, त्यांनाही सोडलं नाही. या मजकुरातल्या एका तारखेवरून महावीर टेंभेकर सरांशी तासभर भांडला होता. शास्त्रात खोटं चालत नाही, असं तो विद्यार्थ्यांना रोज सांगत असे.

"म्हातारा होऊन गेला, बापूजी," तो म्हणाला. "घरीच, आपल्या अंथरुणावर. मुलगा उशाशी होता."

"मुलगा होता होय जवळ?"

"हो. शेवटपर्यंत."

"मग बरं," घेवरचंद म्हणाले, आणि पारोळ्यापर्यंत त्यांना गाढ झोप लागली.